बाकावरची आरी

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २००३

संपलं, कारखाना बंद. दुपारी शेवटची जोडी शिवली. तपकिरी, पुरुषाची. डाव्या बुटाच्या टोकाच्या चुण्या जरा ओढल्या गेल्या, म्हणून उसवून पुन्हा शिवल्या. फोरमन ऑरेल मागे उभा होता. म्हणाला, "लॉरेट, आता कोण बघणार आहे?" मी म्हटलं, "मी बघतेय ना."

मग सगळ्यांनी हत्यारं उचलली. आरी, सुया, मेणाचा गोळा, तळहाताला बांधायचं चामडं.  आमच्याकडे आरी उचलण्याला अर्थ आहे. हिवाळ्यात ऑर्डरी कमी झाल्या की एखाद्याला घरी बसावं लागतं. त्याने आरी बाकावरच ठेवून जायचं. म्हणजे बर्फ वितळलं की तो परत येणार, जागा त्याची, तिथे दुसऱ्या कोणी बसायचं नाही. आरी घरी नेली की माणूस कायमचा गेला. आज सगळ्यांनी एकदम नेल्या.

माझ्या डावीकडचा बाक मात्र आधीच मोकळा होता. नॉर्मंडचा. त्याने फेब्रुवारीतच उचलली.

जोझीने दारातच विचारलं, "आई, आता काय करायचं?" मी म्हटलं, "आधी जेवायचं." सोळा वर्षांच्या मुलीला याहून चांगलं काही सांगता यायला हवं होतं.

सोमवार, ६ ऑक्टोबर

पहाटे उठून डबा भरला. भरून झाल्यावर आठवलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चर्चच्या तळघरात सगळे जमलो. डोरिसने बोलावलं होतं. ती पॅकिंगमध्ये होती, तोंडाची फटकळ पण वाचून बोलते. म्हणाली, ज्यांचं काम परदेशात गेलं त्यांच्यासाठी सरकारी मदत आहे. नवं काम शिकायला शाळेत पाठवतात, शिकत असेपर्यंत दर आठवड्याला पैसे देतात. अर्ज कंपनीनेच करायला पाहिजे असं नाही. तीन कामगारांच्या सह्या पुरतात.

तीन! खोलीत साठ-सत्तर माणसं. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली.

ऑरेल म्हणाला, मालक अजून गिऱ्हाईक शोधतोय. आपण सरकारदरबारी लिहून दिलं की काम डोमिनिकन रिपब्लिकला गेलं, तर कोण विकत घेईल हा कारखाना? मागून कोणीतरी म्हणालं, "आपण काय भिकारी आहोत?" डोरिस म्हणाली, "भिकाऱ्याला कोणी शाळेत घालतं का रे? घालत असते तर तू एवढा ठोंब्या राहिला असतास?" हसले सगळे, पण पेन कोणी उचललं नाही.

डोरिसने सही केली. मी केली. सोपं गेलं नाही. या गावात आई-बापापासून एकच शिकवण — मागायचं नाही. वसंतात डोमिनिकनहून दोन बायका आल्या होत्या बघायला. त्यातल्या एकीला मी स्वतः चुण्या घालायला शिकवल्या. हुशार होती. नाव मर्सिडीज. तिचा राग येत नाही. यायला हवा असं सगळे म्हणतात.

तिसरी सही नाही. साठ-सत्तर माणसांत नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

तिसरी सही झाली!

चर्चमधली रविवारची प्रार्थना संपल्यावर नॉर्मंड पायऱ्यांवर भेटला. चांगला कोट, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं. "काय गं, सह्यांचा दुष्काळ पडलाय म्हणे?" मी सगळं सांगितलं. वर्षाच्या आत ज्याचं काम सुटलं तोही सही करू शकतो, हे डोरिसने विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, "आण तो कागद. माझा बाक कधीच रिकामा झालाय, मला कोणाचं भय?"

गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली. मोठी, गोल, शाळकरी सही.

मग विचारलं, "मलाही शाळेत घालतील का?" मी म्हटलं, सही केलीस म्हणजे घालतीलच. कोणता कोर्स घेशील? पटकन म्हणाला, "बर्नरचा. घरातल्या भट्ट्यांचा." म्हणजे मनात आधीच ठरलं होतं! इकडे मेन राज्याच्या थंडीत घर गरम ठेवणाऱ्या भट्टीवाल्याला मरेपर्यंत काम. एकोणसाठाव्या वर्षी माणसाच्या डोळ्यांत असं काही दिसलं की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. पोरासारखा दिसत होता.

शनिवार, ८ नोव्हेंबर

नॉर्मंडने हरणाच्या मांसाचा तुकडा आणून दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून. कारखाना असताना दरवर्षी द्यायचा, यंदा द्यायचं कारण नव्हतं. आत ये म्हटलं तर नाही, बायकोचं कारण. "आयरीन एकटी आहे. गुडघे धरलेत तिचे." दारात उभा राहून आमच्या तळघरातल्या भट्टीचा आवाज ऐकला. "नळीत काजळी साठलीय. बघून ठेव." आणि गेला.

फेब्रुवारीतलं लिहून ठेवते, कारण हल्ली तेच डोक्यात येतं. ऑरेल सकाळी बाकांपाशी आला होता. म्हणाला, एक खुर्ची कमी करायची आहे. हातशिलाईत सगळ्यात शेवटी आलेली मी. सगळ्यांना ठाऊक. मान वर करून कोणी बघितलं नाही. मी घरी जाऊन जोझीला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर नॉर्मंडचा बाक पुसून लख्ख. आरी नाही, मेण नाही, काही नाही. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. म्हणाला, "कंटाळा आला गं. इतकी वर्षं तेच. आणि आयरीनचे गुडघे." मी म्हटलं बरं. त्याला कधी कंटाळा आलेला मी पाहिला नव्हता, तरी म्हटलं बरं.

हातशिलाईत दोरा ओढताना दोन्ही हात पंखासारखे बाजूला फेकावे लागतात. शेजाऱ्याचं कोपर लागू नये म्हणून ताल जमवावा लागतो. त्याने ओढलं की मी टोचायचं, मी ओढलं की त्याने. बारा वर्षं आमची कोपरं एकमेकांना लागली नाहीत. तो गेल्यावर डावीकडे ऐसपैस जागा झाली, आणि माझाच टाका चुकायला लागला.

गुरुवार, १८ डिसेंबर

मंजूर! वॉशिंग्टनहून. डोरिसने फोनवर नुसती किंकाळी फोडली. ज्यांनी सही केली नाही तेही आता रांगेत सर्वांत पुढे. ऑरेलसुद्धा. असू दे. नाताळ आहे.

मी रुग्णसेवेचा कोर्स लिहून दिला. आईचं शेवटी सगळं मीच केलं, ते काम मला जमतं.

मंगळवार, १३ जानेवारी २००४

नॉर्मंडला नाही म्हणाले.

मी माझ्या कामासाठी ऑफिसात गेले होते, तो आधीच तिथे बसलेला. टोपी मांडीवर. टेबलापलीकडची बाई वाईट नव्हती. सांगत होती, मदत ज्यांना काम नाही म्हणून काढलं त्यांना. तुमच्या नावापुढे कंपनीने लिहिलंय — स्वखुशीने सोडलं. अपील करता येईल, कारण सांगा. नॉर्मंड म्हणाला, "सोडलं होतं, खरंच आहे." आणि उठला.

बाहेर बर्फात मी त्याला गाठलं. तुझ्या सहीवर आम्ही सगळे पास झालो आणि तू नापास? तो म्हणाला, "होतं असं." मी म्हटलं, आपण ऑरेलला साक्षीला नेऊ. तू का गेलास ते तो सांगेल. तो थबकला. मग म्हणाला, "नको. लॉरेट, ते उकरू नकोस." मला वाटलं, मानी माणूस आहे. मागायचं नाही, तेच.

रविवार, १ फेब्रुवारी

अपील टाकलं. आयरीनने मागे लागून त्याच्याकडून सही घेतली. ऑरेल यायला तयार आहे. त्याला लाज वाटते आहे असं दिसतं.

आता होईल. एखाद्याने दुसऱ्यासाठी जागा सोडली हे कळल्यावर कोण नाही म्हणेल? आमच्या कारखान्यात तर अशा माणसाला महिनाभर कोणी कॉफीचे पैसे देऊ देत नव्हतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

माझ्या तोंडाला कोणीतरी टाका घालायला हवा होता.

सुनावणी छोट्या खोलीत झाली. टाय लावलेला, पडसं झालेला गृहस्थ. दर वाक्याला नाक पुसायचा. ऑरेलला म्हणाला, सांगा. ऑरेलने सांगितलं. सगळं चांगलं, मन लावून, अभिमानाने सांगितलं.

म्हणाला, "यादीत नाव लॉरेटचं होतं. नॉर्मंड त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, हिच्या घरात नवरा नाही, पोरगी शाळेत आहे, हिला राहू दे, मी बसतो घरी. मी त्याला म्हटलं, जागा एकच आहे रे. तू आरी ठेवून गेलास तर एप्रिलमध्ये जुन्या माणसाला आधी बोलवायला लागेल, मग ती जाईल.  तो बाकाकडे गेला आणि आरी उचलली."

मी नॉर्मंडकडे बघितलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

एवढं मला ठाऊक नव्हतं. माझ्याऐवजी घरी बसला आणि कंटाळून आरी नेली, इथवरच मी येऊ दिलं होतं डोक्यात. परत यायचा हक्कच टाकून गेला होता. माझ्यासाठी. आणि बारा महिने चर्चच्या पायरीवर मला हसवत होता.

टायवाल्याने नाक पुसलं. म्हणाला, फार मोठ्या मनाचं काम. खरंच. पण मग काम होतं, आणि यांनी ते स्वतःहून सोडलं. तुमच्या साक्षीदारानेच सांगितलं.

ऑरेलचा चेहरा पांढरा पडला. "मी तर त्याच्या बाजूने बोललो!" असं दोनदा म्हणाला. मी, ऑरेल, आयरीन — आम्ही तिघंही शहाणे. आमच्यात जी सगळ्यात चांगली गोष्ट ती त्यांच्यापुढे ठेवली, आणि तिनेच नॉर्मंडचं काम तमाम केलं. मानेवर सुरी मीच ठेवली. तो नको म्हणत होता.

 परतताना गाडीत नॉर्मंडने फक्त माझ्या भट्टीची नळी साफ केली का ते विचारलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

जेवण जात नाही. जोझीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मग आपण काय करायचं आता?" पुन्हा तोच प्रश्न. या वेळी आधी जेवायचं म्हटलं नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

ऑफिसात जाऊन कोर्स बदलला. रुग्णसेवा काढून बर्नर. बाई चष्म्यावरून बघत राहिली. कारण विचारलं, कारण लिहावं लागतं. चार ठिकाणी सह्या, पुन्हा गणिताची चाचणी, पुन्हा डॉक्टरचा दाखला की मी तेलाच्या टाकीचं झाकण उचलू शकते. भीक नको पण कुत्रं आवर! पण मिळाला.

तिथून थेट नॉर्मंडकडे. तो भडकला. त्याला भडकलेला कधी बघितला नव्हता.

"तुला बर्नरचं काय कळतं?"

"काही नाही."

"मग?"

"दिवसा शिकीन. दुपारी येऊन तुला सांगीन. शाळेत तुला घेत नाहीत, स्वयंपाकघरात कोण अडवतंय?"

"मी तुझ्या उपकारावर शिकू?"

मी म्हटलं, "चुण्या घालायला मला कोणी शिकवलं? तेव्हा मी विचारलं होतं का, कोणाच्या उपकारावर?"

 खुर्चीतून आयरीन म्हणाली, "नॉर्मंड, हो म्हण आणि चहा ठेव. माझे गुडघे दुखतायत, दोघांचं ऐकत उभी राहणार नाही मी." ती बसलेलीच होती. त्यावर तो हसला, तेव्हा मला कळलं की आता होईल.

सोमवार, १ मार्च

वर्गात मी एकटी बाई. सगळे जोझीच्या वयाचे वाटतात. मास्तर मला "मॅडम" म्हणतो आणि बाकीच्यांना आडनावाने. प्रत्येकाला हत्यारांची कापडी पिशवी मिळाली. पाने, पकडी, दाब मोजायचं घड्याळ. माझी आहे असं वाटत नाही.

सोमवार, २२ मार्च

लिओ गिल्बरच्या आवारात — गावात तेल पोचवतो, भट्ट्या दुरुस्त करतो, तो — एक मोडका बर्नर गंजत पडला होता. मागून आणला. आता आयरीनच्या टेबलावर असतो, खाली जुनी चादर. ती म्हणते, आमच्याकडे पाहुणा आलाय, जेवत नाही पण घाण करतो.

मी वहीतलं सांगते, नॉर्मंड डोळे मिटून ऐकतो. मग हात घालतो. मला तासभर न कळलेलं त्याच्या बोटांना कळतं, पण तारांची आकृती मात्र त्याच्या डोक्यात शिरत नाही. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा म्हणाला, "हे बुटात नसायचं." मी म्हटलं, बुटाला वीज लागत नाही म्हणून. खूप वेळ तेवढ्यावर हसलो.

शनिवार, १७ एप्रिल

रस्त्यावर नुसता चिखल. गाडी रुतली, चालत गेले. शनिवारचे बीन्स आणि काळा पाव आयरीनने ठेवलेच होते.

आज बर्नर पेटला. अंगणात नेऊन लावला. एकदा खोकला, धूर सोडला, आणि मग निळी ज्योत.  नॉर्मंड टोपी काढून उभा राहिला.

त्याआधी आत अरुंद टेबल, दोघं शेजारी वाकलेलो, आणि कोपर लागलं नाही. लक्षात आलं तेव्हा हात थांबला माझा.

गुरुवार, ६ मे

परीक्षेत पहिल्या पाचात! जोझीने केक केला. मधे बसलेला, पण केक.

नॉर्मंड लाकडं फोडायची कामं घेतोय. मे महिन्यात. आयरीनच्या औषधांचं विचारलं की विषय बदलतो. वाळलाय.

शुक्रवार, ११ जून

सर्टिफिकेट हातात. सरकारी पैसे आता बंद.

लिओ गिल्बरला एक माणूस हवा आहे. मी नॉर्मंडला घेऊन गेले. सांगितलं, माझ्याकडे कागद आहे, याच्याकडे नाही, पण जे मला येतं ते याला येतं. लिओ म्हणाला, "मला कागद काय करायचाय? माझ्या हाताखाली काम, सही माझी. भट्टी पेटली पाहिजे. आठवडाभर दोघंही या, मग बघू. पण आधीच सांगतो — जागा एकच आहे."

जागा एकच आहे. मी नॉर्मंडकडे बघितलं नाही. त्यानेही नाही.

बुधवार, १६ जून

लिओच्या गॅरेजात एक फळी आहे, तिथे हत्यारं ठेवायची. माझी पिशवी, शेजारी नॉर्मंडची — आयरीनने जुन्या तंबूच्या कापडाची शिवून दिली. आत त्याने बुटाची आरीही ठेवलीय. विचारलं तर म्हणतो, नळीतली काजळी टोकरायला बरी पडते.

काम चांगलं आहे. खरं लिहायचं तर फार आवडतं. म्हातारीच्या तळघरात उतरायचं, अंधारात ऐकायचं, आणि घर गरम करून वर यायचं. रुग्णसेवेत हे नसतं मिळालं. नॉर्मंड शिट्टी वाजवतो. कारखान्यात इतक्या वर्षांत कधी वाजवली नव्हती.

लिओ दोघांचंही काम बघतो आणि तोंडातून ब्र काढत नाही.

शुक्रवार, १८ जून

नॉर्मंड औषधाच्या दुकानात गेला होता तेव्हा लिओने मला बाजूला बोलावलं. "कामाला दोघंही सारखे. पण तुझ्याकडे कागद आहे, वय आहे. पाठ अजून वीस वर्षं चालेल. सोमवारपासून तू ये. त्याला मी सांगतो." मी म्हटलं, सोमवारपर्यंत सांगू नकोस.

माझा कागद पलीकडच्या शहरातही चालेल. रोज दीड तास जायला, तेवढाच यायला, हिवाळ्यात त्याहून जास्त. जोझी एकटी. तिथे कोणी घेईलच असं नाही. नॉर्मंडला या गावाबाहेर कोणीच घेणार नाही.

हा हिशोब तोही करत असेल. त्याला मी ओळखते. सोमवारी सकाळी तो माझ्याआधी पोचला तर—

शनिवार, १९ जून

लिओने शटर उघडायच्या वेळीच मी दारात. त्याला काय ते सांगितलं. तो म्हणाला, वेडी आहेस. फळीवरून माझी पिशवी काढली आणि घरी घेऊन आले. नॉर्मंडची आहे तिथेच आहे, आरीसकट.

जोझीने विचारलं, "आई, हे का आणलंस? आठवडाच तर झाला."

म्हटलं, कंटाळा आला.